तिवरपाटची साक्ष

"चौथं पान उघड," नीरजा म्हणाली. "उघड तर खरं."

प्रभावतीने ओले हात पदराला पुसले. सकाळपासून ती प्रयोगशाळेतल्या बरण्या धुऊन, पुसून, पुन्हा कपाटात लावत होती. नीरजाने टेबलावर ठेवलेला अहवाल जाडजूड होता, गुळगुळीत कागदाचा. मुखपृष्ठावर तिवरपाटच्या खाडीचा वरून घेतलेला फोटो होता. चौथ्या पानावर इंग्रजीत नावांची यादी होती. सगळ्यात वर डॉ. नीरजा दीक्षित, खाली दोन विद्यार्थिनींची नावं आणि मग एका ओळीत एकटंच नाव, प्रभावती लेले.

"दिसलं?"

"दिसलं."

"मी म्हटलं होतं ना, एक दिवस तुझं नाव छापून आणेन म्हणून? चौदा वर्षं लागली. पण आणलं की नाही?"

 प्रभावतीने त्या ओळीवरून बोट फिरवलं. बोटाला अजून ओल होती, अक्षरं खराब होतील म्हणून तिने ते चटकन उचलून घेतलं.

काशीच्या ब्रह्मा घाटावरच्या एकाच गल्लीत, समोरासमोरच्या घरांत दोघी लहानाच्या मोठ्या झाल्या होत्या. शाळेत नीरजाचा पहिला नंबर ठरलेला आणि प्रभावतीचा दुसरा. मग प्रभावतीचं एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं. नवरा बिंदुमाधव पाठशाळेत वेद शिकवायचा. नीरजा शिकत राहिली, पीएचडीसाठी गोव्याला गेली, कांदळवनांवर काम करून परत आली आणि इथल्या मुलींच्या कॉलेजात प्राणिशास्त्राची प्राध्यापक झाली. पुढे बिंदुमाधवचा आवाज गेला. घशाचा आजार होता. ज्याचा गळा हीच कमाई, त्याचा गळाच बसला. तेव्हा नीरजानेच खटपट करून प्रभावतीला प्रयोगशाळेत चिकटवलं. सहा वर्षांपूर्वी बिंदुमाधव गेला, त्या दिवशीही नीरजाच आधी धावत आली होती. कॉलेजात प्रभावती तिला 'मॅडम' म्हणे आणि गल्लीत 'नीरू'. यात आपलं काही कमी होतंय असं तिला कधी वाटलं नाही.

दर डिसेंबरात नीरजा तिला कोकणात घेऊन जायची. तिवरपाटची खाडी तिच्या अभ्यासाचा विषय होता. पहिल्या वर्षी प्रभावती नुसतं सामान सांभाळायला गेली होती. जन्मभर तिने गंगा पाहिलेली, पुढेच जाणारी. इथे मात्र सकाळी समुद्राकडे गेलेलं पाणी दुपारी उलटं फिरून आत यायला लागलं, आणि ती काठावर उभी राहून बघतच राहिली.

"काय बघतंस गे बाय?" मागून कोणीतरी विचारलं. कमरेला टोपली लावलेली, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली बाई होती. सत्यवती. नीरजाने ज्याची होडी भाड्याने घेतली होती त्या वासुदेवची बायको.

"पाणी परत येतंय," प्रभावती म्हणाली.

सत्यवती खळखळून हसली. "मगे? जातला खय? घर हयच आसा त्याचां."

चिखलात चालायला प्रभावतीला सत्यवतीनेच शिकवलं. टाच टेकायची नाही, बोटं पसरून पाय सपाट टाकायचा, आणि पाय रुतला तर ओढायचा नाही, आधी फिरवायचा. तिवराची मुळं चिखलातून वर आलेली असत, जमिनीत पेन्सिली उलट्या खोचाव्यात तशी. सत्यवती म्हणायची, ती श्वास घेतात, त्यांच्यावर पाय पडू द्यायचा नाही. कांदळाची मुळं बाहेरून आधार दिल्यासारखी वाकलेली. त्यांच्या आतल्या अंधारात कुर्ल्यांची, म्हणजे मोठ्या खेकड्यांची, बिळं. ओहोटीच्या चिखलावर निवट्या मासे असून बेडकासारख्या उड्या मारत, आणि एकाच मोठ्या नांगीचे छोटे खेकडे शेकड्यांनी बाहेर येऊन ती नांगी वर-खाली हलवत. प्रभावतीला ते दशाश्वमेधावरच्या आरतीसारखं वाटायचं. तसं तिने सांगितल्यावर सत्यवतीने ते गावभर केलं. तेव्हापासून तिवरपाटला ती 'काशयेची बाय'.

नीरजा होडीत बसून दुर्बिणीने पक्षी मोजायची. पाचव्या वर्षापासून तिची पाठ धरायला लागली, मग ती विश्रामगृहातच थांबू लागली. शेवटची दोन वर्षं तर आलीच नाही. खाडीत चालायची ती प्रभावती. सोबत दोनशे पानी वही, मोजपट्टी आणि बॉलपेन. तारीख, भरतीची वेळ, काय दिसलं, कुठे दिसलं हे सगळं ती मराठीत लिहायची. काशीला परतल्यावर नीरजा त्यातलं हवं ते इंग्रजीत उतरवून घ्यायची आणि वही परत द्यायची.

पाणमांजरं मात्र पहिली चार वर्षं तिला कोणी दाखवली नाहीत. नीरजाने विचारलं की गावातले लोक आभाळाकडे बघायचे. पूर्वी कधीतरी बाहेरची माणसं आली होती, गोड बोलून जागा विचारून घेतल्या होत्या आणि कातड्यासाठी सापळे लावून गेली होती. तेव्हापासून गावाने तोंड शिवून घेतलं होतं.

पाचव्या वर्षी वासुदेवची आई अंथरुणाला खिळली. प्रभावती काशीहून गंगाजलाचा गडू घेऊन गेली होती. म्हातारीच्या तोंडात शेवटचं पाणी पडलं ते त्यातलं. तेराव्यानंतर सत्यवती पहाटेच तिला उठवायला आली.

"चल," एवढंच म्हणाली.

वासुदेवने होडी एका अरुंद फाट्यात घातली. दोन्हीकडची तिवरं इतकी वाकलेली की वल्हं आडवं धरावं लागलं. एका वळणावर सत्यवतीने हात वर केला. समोरच्या उंचवट्यावर, मुळांच्या मध्ये, एक मादी बसली होती. पाठ ओली, चमकणारी. पुढच्या दोन पायांत धरलेली कुर्ली ती कडाकडा फोडत होती, माणूस पापड खातो तशी. दोन पिल्लं तिच्या तोंडातला तुकडा ओढत होती. एकाने मान वळवून होडीकडे बघितलं, शिंकल्यासारखं केलं आणि पुन्हा खाण्याला लागलं.

परतताना सत्यवती म्हणाली, "तुका दाखवलंय. गावभर सांगा नको."

"मॅडमना सांगावं लागेल. तिचं कामच ते आहे."

सत्यवतीने होडीबाहेर हात घालून बोटांचा चिखल धुतला. "तुझी मैतरीन मां ती?"

"लहानपणापासूनची."

"मगे सांग."

अशा रीतीने गेली नऊ वर्षं पाणमांजरांच्या जागा प्रभावतीच्या वहीत जात होत्या. बसायचे उंचवटे, विष्ठेतले खेकड्यांच्या कवचांचे तुकडे, चिखलातल्या पावलांची मापं. मागच्या डिसेंबरात तिने सतरा जागा मोजल्या होत्या.

त्याच डिसेंबरात नीरजाने तिच्याबरोबर छापील मराठी फॉर्म दिले होते. घरोघर जाऊन भरून घ्यायचे. एकच मुख्य प्रश्न होता. 'गेल्या बारा महिन्यांत आपल्या जाळ्यात पाणमांजर अडकले आहे काय?' एकेचाळीस घरं झाली. सगळ्यांनी 'नाही' सांगितलं, आणि ते खरंही होतं. पाणमांजर जाळं फाडतं, जाळ्यात राहत नाही. प्रभावतीने 'नाही'वर खुणा केल्या, कोणाची सही घेतली, कोणाचा अंगठा घेतला आणि प्रत्येक फॉर्मवर साक्षीदार म्हणून स्वतःची सही केली. सत्यवतीने अंगठा उठवताना विचारलं होतं, "ह्यां कित्याक?"

"मॅडमच्या अभ्यासाला. पाणमांजरांना तुमच्यापासून त्रास नाही, हे कळायला."

"माका वाटलां, आमका पानमांजरांपासून," सत्यवती म्हणाली होती, आणि दोघी हसल्या होत्या.

अहवाल घरी आल्यावर प्रभावतीने तो देवघराच्या कोनाड्यात ठेवला. गल्लीत चार जणींनी येऊन नाव पाहिलं. तिची मुलगी अंतरा बँकेत होती. तिने फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. आतली पानं कोणी उलटली नाहीत.

पंधरा दिवसांनी, वैशाखातल्या एका रविवारी, प्रभावती गच्चीवर कुरडया घालत होती. एका हातात सोऱ्या, शेजारी माकडांसाठी काठी. तेवढ्यात फोन वाजला.

"बाई, वासुदेव बोलतंय."

"बोला हो. सगळी बरी आहेत ना?"

"बरी आसत. पंचायतीत कागद लागलो हा. खाडयेत जेटी येतली म्हनान. कोळशाची. पंधरा तारखेक सुनावनी आसा."

"जेटी?"

"मोठ्यो बार्जी बोटी लागतल्यो. तोंडावरचो गाळ काढतले. अल्याडची तिवरां सगळी जातली."

"असं कसं करू देतील?" प्रभावती म्हणाली. "तिथे पाणमांजरं आहेत. मॅडमचा अहवाल आलाय ना, त्यात सगळं—"

पलीकडे वासुदेव खाकरला. "तांच इचारूक फोन केलंय. त्या अहवालाचोच मराठी कागद लागलो हा. त्यात लिवलाहा, गावच्या एकेचाळीस मान्सांनी सांगल्यानी, हय पानमांजर दिसना नाय. खाली साक्षीदार म्हनान तुमचां नाव आसा."

सोऱ्यातून पिठाचा धागा लोंबत राहिला. प्रभावतीला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"सत्यवती आहे का जवळ? तिला द्या जरा."

"बाजूकच आसा." तो हलकेच म्हणाला, "बोलना नाय ती."

ती खाली आली तेव्हा हाताला पीठ तसंच होतं. अंतरा आंघोळ करून केस पुसत होती.

"तो रिपोर्ट घे. पाणमांजराबद्दल काय लिहिलंय ते वाच मला."

"अभी? आई, मला निकलायचंय."

"वाच."

आईचा चेहरा पाहून अंतरा बसली. पानं उलटता उलटता तिचा आवाज हळू झाला. "टेबल सात. 'गेल्या बारा महिन्यांत पाणमांजर दिसले काय?' फोर्टी-वन नो. एकही येस नाही."

"दिसलं का, असं मी विचारलंच नव्हतं. जाळ्यात अडकलं का, असं होतं त्यात."

"यहाँ तो 'दिसले'च लिहिलंय."

"आणि माझ्या सतरा जागा?"

अंतराने पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. बोट लावून, एकेक पान. "नाहीत. झाडांबद्दल लिहिलंय, विरळ आणि खुरटी आहेत म्हणून. पाणमांजराबद्दल फक्त एक ओळ आहे. स्थानिकांच्या सांगण्यानुसार अस्तित्व नाही." तिने अहवाल मिटला. "आई, क्या पता, टायपिंगची गलती असेल. नीरजामावशी असं थोडीच करेल?"

त्या एका शब्दावर प्रभावतीने दुपार काढली. गलती असेल. इंग्रजी करताना एखाद्या पोरीने घोळ घातला असेल. नीरूला सांगितलं की ती कपाळावर हात मारेल आणि लगेच फोन उचलेल.

नीरजा आता कॉलेजजवळच्या कॉलनीत राहायची, पण दर रविवारी संध्याकाळी आईला भेटायला गल्लीत यायची. मग दोघी ब्रह्मा घाटाच्या पायऱ्यांवर बसायच्या. त्या दिवशीही बसल्या. उन्हाने तापलेला दगड अजून निवला नव्हता. खाली नाववाले गिऱ्हाइकांना हाका मारत होते.

"नीरू, सातव्या टेबलात चूक झालीय."

कुठली चूक, असं नीरजाने विचारलं नाही. प्रभावतीला कळायचं ते तिथेच कळलं. तरी ती तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

"चूक नाही गं," नीरजा म्हणाली. "अहवाल जेटीच्या कंपनीने करून घेतलाय, त्यांनी शेवटच्या दोनच वर्षांचं मागितलं होतं. कॅमेऱ्यात काही आलं नाही."

"कॅमेरे त्यांच्या माणसांनी रस्त्याच्या कडेला लावले होते. मी तुला तेव्हाच सांगितलं होतं. सतरा जागा मी मोजून लिहिल्यात."

"तू लिहिल्यास, प्रभा." नीरजा हे अगदी समजुतीने बोलली, लहान मुलाला सांगावं तसं. "प्रयोगशाळेतल्या बाईच्या वहीला कोणी डाटा म्हणत नाही."

"माझी वही चालत नाही, आणि माझी साक्ष चालते?"

नीरजाने पर्सचा बंद उगाच सरळ केला. "हे बघ, जेटी होणारच आहे. मी लिहिलं नसतं तर दुसऱ्या कोणीतरी लिहिलं असतं, और इससे बुरा लिहिलं असतं. त्यांनी कॉलेजला खाडी-अभ्यास केंद्र द्यायचं कबूल केलंय. पूर्ण उत्तर भारतात नाहीये असं. मी वीस वर्षं त्याच्यासाठी चपला झिजवल्यात, तुला माहितीय. रिटायर झाल्यावरसुद्धा तुला तिथे जागा असेल. आत्तापर्यंत मी कधी तुला सोडलंय?"

"तो प्रश्न तू छापून दिला होतास. जाळ्यात अडकलं का."

"हो."

"डिसेंबरात दिला होतास."

नीरजाने पर्स मांडीवर ओढून घेतली.

"म्हणजे तुला डिसेंबरातच ठाऊक होतं, त्याचं पुढे काय करायचं ते. आणि तू मला घरोघर पाठवलंस. त्यांनी दुसऱ्या कोणाला अंगठे दिले नसते, म्हणून."

पलीकडच्या तीरावरच्या वाळूत उंटवाला उंट परत नेत होता. नीरजा तिकडे बघत म्हणाली, "मला वाटलं, तुला कळणारच नाही."

प्रभावतीच्या आयुष्यात बरंच काही वाईट झालं होतं. नवऱ्याचा आवाज गेला, मग नवरा गेला. पण ते करणारं कोणी माणूस नव्हतं. इथे करणारी शेजारी बसली होती, आणि तिच्या अंगाला तोच चंदनी साबणाचा वास येत होता जो शाळेत असल्यापासून यायचा.

ती उठली तेव्हा नीरजाने तिच्या हाताला धरलं. "प्रभा, काही करायला जाऊ नकोस. खाली सही तुझीच आहे. एकेचाळीस ठिकाणी. मी तुझ्यासाठी सांगतेय."

प्रभावतीने हात सोडवून घेतला. ती धमकी होती की काळजी, हे तिला पुढे कित्येक दिवस ठरवता आलं नाही. दोन्ही असेल, असंच शेवटी वाटलं.

घरी गेल्यावर तिने पेटीतल्या चौदा वह्या काढल्या. त्यातल्या शेवटच्या दोन पिशवीत घातल्या.

"नोकरी जाएगी, आई," अंतरा म्हणाली. "दोन वर्षं राहिलीत फक्त."

"माहितीय."

"आणि मावशी?"

प्रभावतीने पिशवी जवळ ओढली. पिशवीचं तोंड बांधताना गाठ दोनदा सुटली, तेव्हा अंतराने पुढे होऊन ती बांधून दिली. मग मोबाइलवर तिकीट बघायला बसली.

गाड्या बदलत ती तिसऱ्या दिवशी सकाळी तिवरपाटला उतरली. दर वर्षी सत्यवती सडकेवर उभी असायची आणि न विचारता तिची बॅग डोक्यावर घ्यायची. या खेपेला सडकेवर कोणी नव्हतं. चहाच्या टपरीवरच्या ओळखीच्या दोघांनी तिला पाहिलं आणि वर्तमानपत्रात डोकं घातलं. ती सरळ शाळेच्या पटांगणात गेली. तिथे मांडव होता, पोलीस होते, टेबलामागे अधिकारी बसले होते. उजवीकडच्या खुर्च्यांवर कंपनीची इस्त्रीच्या शर्टातली माणसं होती. डावीकडे जमिनीवर गाव बसलं होतं. बायकांच्या घोळक्यात सत्यवती होती. तिने प्रभावतीला पाहिलं, पण मान हलवली नाही. प्रभावतीने बोलणाऱ्यांच्या यादीत नाव दिलं आणि मांडवाच्या कडेला उभी राहिली.

तिचा नंबर दीड तासाने आला.

"मी प्रभावती लेले," ती माईकमध्ये म्हणाली. "काशीहून आलेय. अहवालात साक्षीदार म्हणून सही आहे ती माझी."

मांडवात कुजबूज झाली. कोणीतरी मागून म्हणालं, "आता कित्याक इली ही?"

तिने पिशवीतून एक कोरा उरलेला मराठी फॉर्म काढून टेबलावर ठेवला. "मी लोकांना विचारलं ते हे. जाळ्यात अडकलं का. लोकांनी नाही सांगितलं. अहवालात छापलंय की दिसलं नाही. हे लोकांनी सांगितलेलं नाही. मी बिलकुल असं विचारलेलं नाही."

'बिलकुल'ला दोन-तीन पोरं हसली. अधिकाऱ्यांनी फॉर्म वाचला, मग अहवालातलं पान काढलं, दोन्ही शेजारी ठेवली.

"हा फॉर्म विचित्र आहे, असं तुम्हाला तेव्हा वाटलं नाही?"

"नाही साहेब. मैत्रिणीने दिलेला कागद होता. प्रश्न असाच का, हे मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. ती माझी चूक आहे, ती लिहून घ्या."

"पाणमांजर आहे याला पुरावा काय?"

"सतरा जागा आहेत. तारीखवार लिहिल्यात."

"वाचा."

तिने वही उघडली. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि थांबली. उजवीकडच्या खुर्च्यांवरचा एक जण वहीपेन सरसावून बसला होता. मांडवाच्या दांड्यांना टेकून कितीतरी अनोळखी माणसं उभी होती. एकदा मोठ्याने वाचलं की या सतरा जागा संध्याकाळपर्यंत कोणाकोणाच्या कानांवर जातील ते सांगता येत नव्हतं. न वाचलं तर ती खोटी ठरत होती.

तिने सत्यवतीकडे पाहिलं. सत्यवतीही तिच्याकडेच बघत होती, डोळ्यांची पापणी न हलवता. तिने ना मान हलवली, ना हात.

प्रभावतीने वही मिटली. दोन्ही वह्या टेबलावर अधिकाऱ्यांच्या पुढ्यात सरकवल्या.

"मोठ्याने वाचणार नाही, साहेब. तुम्ही स्वतः वाचा. आणि माझ्यावर भरवसा नसेल तर कोणालातरी पाठवून बघून घ्या. पण जागा इथे माईकवर मी सांगणार नाही."

"सांगायच्या नाहीत तर इथे कशाला आला?" उजवीकडून कोणीतरी म्हणालं. अधिकाऱ्यांनी हात वर करून त्याला थांबवलं. त्यांनी चार-पाच पानं वाचली, एका पानावर थोडा जास्त वेळ रेंगाळले. मग शेजारच्या कारकुनाला सांगितलं, वह्या दप्तरी जमा करून घ्या, पोच द्या, आणि लिहा, सदर साक्षीदाराने आपल्या नावाची साक्ष नाकारली आहे, नव्याने आणि दुसऱ्या संस्थेकडून पाहणी व्हावी अशी शिफारस.

एवढंच झालं. जेटी रद्द झाली नाही, मंजूरही झाली नाही. पुढच्या माणसाचं नाव पुकारलं गेलं.

ती सडकेवर येऊन पिंपळाखाली बसली. बसला पाऊण तास होता. नीरजाचा फोन आला तेव्हा तिने तो दुसऱ्या रिंगलाच उचलला. इतक्या वर्षांची सवय होती.

"मला आत्ताच कळलं," नीरजा म्हणाली.  "प्रभा, तू माझ्याशी असं करशील, असं मला कधी वाटलं नव्हतं."

प्रभावतीला वाटलं, हेच वाक्य त्या रविवारपासून आपल्या ओठांवर होतं, आणि ते हिने आधी म्हणून टाकलं.

"सोमवारपासून लॅबमध्ये येऊ नकोस," नीरजा सांगत होती. "ऑफिसने तुला स्टोअरला टाकलंय. मी काही केलं नाही त्यात. मी फक्त—"

"बरं," प्रभावती म्हणाली. "तुझ्या आईच्या डोळ्यांचे थेंब माझ्याकडे राहिलेत. अंतराच्या हाती पाठवते."

तिने फोन बंद केला. तेव्हा तिच्या लक्षात आलं की कोणीतरी बाजूला येऊन बसलंय. सत्यवती होती. टोपली कमरेवरून काढून तिने पायाशी ठेवली.

"जेवलंस?"

"नाही."

सत्यवतीने टोपलीतून फडक्यात बांधलेली तांदळाची भाकरी आणि सुक्या कोळंबीची चटणी काढून पुढे केली. प्रभावती कोळंबी खात नव्हती, हे तिला माहीत होतं. तिने चटणी बाजूला केली आणि गुळाचा खडा काढून भाकरीवर ठेवला. प्रभावती खाऊ लागली. 

"सांगलंस तां बरां केलंस," सत्यवती म्हणाली. "जागो बोललंस नाय, तांय बरां केलंस."

प्रभावतीने मान हलवली.

"पन आता खाडयेत येव नको, बाय."

प्रभावतीने भाकरी फडक्यावर ठेवली. "कधीच नको?"

"लोकांका तुझ्या हातात कागद दिसलो की भ्या वाटतला." सत्यवती सडकेकडे बघत बोलत होती. "माका पन वाटतला. खोटा कित्याक बोलू?"

"नको बोलू," प्रभावती म्हणाली.

"तुझी मैतरीन म्हनालंस. म्हनान मी सांग म्हटलंय."

"हो."

 उरलेली भाकरी प्रभावतीने फडक्यात गुंडाळली. सत्यवतीने ती परत घेतली नाही, तिच्या पिशवीत खोचून ठेवली.

बस वळणावर दिसली ती भरधाव. हा काही ठरलेला थांबा नव्हता, गाडी खूपदा न थांबताच पुढे निघून जायची. सत्यवती उठली, साडीचा काष्टा आवळला आणि सरळ सडकेच्या मधोमध जाऊन हात वर करून उभी राहिली. ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला आणि खिडकीतून डोकं काढून काहीतरी बोलला. ती हलली नाही. प्रभावती चढेपर्यंत ती तशीच उभी होती. मग तिने दारापाशी येऊन पिशवी वर दिली आणि कंडक्टरला म्हणाली, "काशयेची बाय आसा. लांब जावचां आसा तिका. बसाक जागा दी."

कंडक्टरने एका माणसाला उठवलं. प्रभावती खिडकीशी बसली आणि तिने बाहेर पाहिलं. सत्यवती गाडी सुटायची वाट बघत थांबली नव्हती. ओहोटी लागली होती. टोपली कमरेला लावून ती खाडीच्या वाटेला लागली होती, बोटं पसरून, पाय सपाट टाकत, मागे न बघता.